बांबूचं धनुष्य आणि चाकांचं धनुष्य

धारवाडहून पश्चिमेला हल्याळचा रस्ता धरला की थोड्याच वेळात मातीचा रंग पालटतो. काळी जमीन मागं पडते, तांबडी लागते, हवेतली ओल वाढते आणि कलघटगी-हल्याळच्या पट्ट्यात सह्याद्रीच्या पायथ्याचं रान सुरू होतं. या रानात कळकाची आणि मानवेलाची बेटं आहेत. दांडेलीचा कागद कारखाना १९५०च्या दशकात उभा राहिला तो इथल्याच बांबूच्या भरवशावर. धारवाडहून पूर्वेला, नवलगुंद-अण्णिगेरीच्या बाजूला निघालं तर सगळं उलटं. नजर पोचेल तिथवर सपाट काळं रान, त्यात जोंधळा, कापूस, हरभरा, आणि मधूनच अंबाडी. एका अंगाला दांडा, दुसऱ्या अंगाला दोरीचा वाख. धनुष्य करायला याहून सोयीचा मुलूख शोधून सापडायचा नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाचं एक प्रकरण आहे. धनुष्यं कशाची करावीत हे त्यात नेमकं सांगितलंय: ताड, बांबू, कठीण लाकूड आणि शिंग. लगेच पुढं दोऱ्यांचा जिन्नस येतो: मूर्वा, रुई, ताग, गवेधु नावाचं गवत, बांबू आणि जनावरांचे स्नायू. यातली रुई हुबळीच्या आसपास कुठल्याही पडीक माळावर दिसते. तिच्या खोडाच्या सालीतून निघणारा धागा पांढरा, बारीक आणि विलक्षण चिवट असतो. मारुतीला वाहायची म्हणून जी झाडं आपण ओळखतो त्यांच्या अंगात असा दोर दडलेला आहे, हे शहरातल्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही.

या भागात धनुष्य कसं वापरलं जाई ते पाहायचं असेल तर वीरगळांपाशी जावं. धारवाड मुंबई इलाख्यात होतं तेव्हा, १९३९ साली, तिथं कन्नड संशोधन संस्था निघाली. आज ती कर्नाटक विद्यापीठाचा भाग आहे आणि तिच्या संग्रहालयात शिलालेख, मूर्ती आणि वीरगळ जपून ठेवलेले आहेत. वीरगळाची मांडणी महाराष्ट्रातल्या वाचकाला ओळखीची आहे. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर घेऊन चालल्यात, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. आपली नजर बहुधा वरच्या दोन चौकटींवर रेंगाळते. मी म्हणेन, खालची चौकट पाहावी. कारण खरी माहिती तिथं आहे. एका कडेला गुरं कोरलेली असतात, एकामागे एक, मान पुढं काढून. समोरासमोर माणसं उभी असतात, काहींच्या हातात ढाल-तलवार आणि काहींच्या हातात धनुष्य. कारागिरानं धनुष्य पुष्कळदा अगदी साधं दाखवलेलं असतं: एकच सलग वळण, टोकांना कसलाही नखरा नाही. काही दगडांवर वीराच्या अंगात बाण रुतलेले दिसतात. गावची गुरं हाकून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला, एवढी गोष्ट अक्षर न वाचताही कळते.

गुरं वळवून नेणं आणि ती सोडवणं हा मध्ययुगीन कर्नाटकातल्या कितीतरी वीरगळांचा विषय आहे. आणि महाभारतातलं विराटपर्वही याच प्रसंगावर उभं आहे. कौरव विराटाची गुरं हाकतात, बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन शमीच्या झाडावर लपवलेलं गांडीव काढतो आणि एकटा त्यांना परतवून लावतो. आपल्याकडं वाईला विराटनगरी म्हणतात. कानडी मुलखात तो मान हानगलकडं जातो. हानगल पूर्वी धारवाड जिल्ह्यात होतं, १९९७ पासून ते हावेरी जिल्ह्यात आहे. जुन्या लेखांतही त्याचा विराटाचं नगर म्हणून उल्लेख येतो. तिथल्या तारकेश्वर मंदिराच्या आवारातही वीरगळ आहेत. म्हणजे ज्या गावानं गांडिवाची कथा आपली मानली, त्याच गावात गुरांसाठी आणि गावासाठी पडलेल्यांचे दगड उभे आहेत. दसऱ्याला धारवाड-हुबळीत बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटतात आणि सोन्यासारखं राहू या असं एकमेकांना म्हणतात. आपण आपट्याची पानं देतो. शमी दिली तर गांडिवाची आठवण जास्त थेट जागी होते, असं मला वाटतं.

अर्जुनाचं या भागाशी आणखी एक नातं आहे. कन्नडचा आदिकवी पंप याचं आजोळ अण्णिगेरी. त्यानं ९४१ साली ‘विक्रमार्जुनविजय’ रचला आणि त्यात आपला आश्रयदाता अरिकेसरी याला अर्जुनाच्या जागी बसवलं. राजाची थोरवी सांगायला कवीला धनुर्धराहून मोठा नायक दिसला नाही. पुढं दोनशे वर्षांनी, ११२९च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोश सिद्ध केला. त्यात राजाच्या विनोदांचा, म्हणजे मन रमवण्याच्या गोष्टींचा, स्वतंत्र भाग आहे आणि त्याची सुरुवातच शस्त्रविनोदानं होते. गाणं, नाच, कुस्ती, शिकार यांच्याच पंगतीला शस्त्रांचे खेळ बसवलेत. धारवाडचा मुलूख तेव्हा याच चालुक्यांच्या सत्तेखाली होता. आजचा शौकीन माणूस निव्वळ आनंदासाठी धनुष्य हाती घेतो तेव्हा तो काही परदेशातून आलेली हौस करत नसतो. ती हौस इथं नऊशे वर्षांपूर्वी ग्रंथात नोंदली गेली आहे.

आता हे साधं लांब धनुष्य काय चीज आहे ते पाहू. अलेक्झांडरचा नौदलप्रमुख निआर्कस यानं हिंदुस्थानातल्या पायदळाचं जे वर्णन केलं ते एरियनच्या ‘इंडिका’त टिकून राहिलंय. धनुष्य माणसाच्या उंचीइतकं. त्याचं खालचं टोक जमिनीला टेकवून डाव्या पायानं दाबायचं आणि दोरी पार मागं ओढायची. बाण जवळजवळ तीन हात लांब. त्याच्यापुढं ढाल टिकत नाही आणि चिलखतही टिकत नाही, असं तो सांगतो. याच धनुष्याची कमजोरीही त्याच काळात दिसली. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाची लढाई झाली तेव्हा पावसानं जमीन निसरडी झाली होती. धनुष्य जमिनीवर रोवता येईना आणि जड, लांब बाण नीट लावता येईनात, असं कर्टियस या रोमन लेखकानं लिहिलंय. बिघडलं काहीच नव्हतं. फक्त पायाखाली चिखल होता.

बांबूची फोक हातात घेऊन तिची आडवी कापलेली कड उन्हात धरा. बाहेरच्या सालीलगत काळसर ठिपके अगदी दाटीनं दिसतात आणि आत, पोकळीकडं जाता जाता ते विरळ होतात. हे ठिपके म्हणजे तंतूंचे जुडगे. ओढ सोसण्याची ताकद त्यांच्यातच असते. धनुष्य वाकतं तेव्हा त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे तिरंदाजाकडची बाजू, दाबली जाते. साल पाठीवर राहील अशी फोक ठेवली की तंतूंची दाटी नेमकी ताणाच्या जागी येते. झाडानं वाऱ्यापावसाशी झुंजायला जी रचना केली ती माणसाला आयती मिळाली. इंग्लंडमधल्या लांब धनुष्याचं रहस्यही हेच आहे, फक्त झाड वेगळं. यू नावाच्या झाडाचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतलं तांबूस लाकूड दाब सोसतं, म्हणून दोन्ही एकाच दांड्यात राहतील असा तो कापत. ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं, तेव्हा त्यात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण मिळाले. त्यातली पुष्कळ धनुष्यं ओढायला ४५ किलोहून जास्त, काही तर ८० किलोच्या आसपास जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या जहाजावरच्या काही सांगाड्यांची खांद्याची हाडं या कामानं बदललेली दिसतात.

फोक निवडली की खरं काम सुरू होतं. मधला मुठीचा भाग जाड ठेवायचा, दोन्ही भुजा टोकांकडं निमुळत्या करत न्यायच्या. दोरी सैल बांधून थोडं ओढायचं, लांब उभं राहून बघायचं. वरची भुजा जास्त वाकते की खालची? जिथं ताठ दिसतं तिथून पोटाकडची बाजू सुरीनं खरवडायची, पण साल दुखावायची नाही, कारण एक तंतू तुटला की तिथून चीर जाते. पुन्हा ओढायचं, पुन्हा बघायचं. पेर जिथं येतं तिथं बांबू ताठ राहतो, पेरांच्या मधे लवतो, त्यामुळं प्रत्येक फोकेचा हिशेब निराळा. एकाच बेटातल्या दोन बांबूंची दोन धनुष्यं कधीही अगदी सारखी होत नाहीत.

मग एवढं सरळ, स्वस्त आणि जोरदार हत्यार असताना माणसानं दुसरं का शोधलं? कारण घोडा. माणसाच्या उंचीचं धनुष्य घोड्यावर बसून डावी-उजवीकडं फिरवता येत नाही. मध्य आशियातल्या घोडेस्वारांनी त्यावर जे उत्तर काढलं ते मला माणसाच्या हस्तकौशल्यातल्या सर्वोत्तम गोष्टींपैकी एक वाटतं. मधे लाकडाची पातळ फळी, पोटाला शिंगाची पट्टी, पाठीला स्नायूंचे धागे, आणि हे सगळं सरसानं एकजीव केलेलं. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतो. दोरी काढली की हे धनुष्य उलट दिशेनं वळतं, इतका जोर त्यात आधीच साठलेला असतो. कंबरेएवढ्या लांबीत ते उंच बांबूच्या धनुष्याला मागं टाकतं. बहमनी आणि पुढं आदिलशाही काळात दख्खनेतल्या घोडदळाच्या हाती हीच कमान होती, मुघलांच्याही होती.

पण सरस म्हणजे कातडी आणि हाडं उकळून काढलेला डिंक. ओलीत तो मऊ पडतो. समरकंदच्या कोरड्या हवेत जी कमान वर्षानुवर्षं टिकते ती हल्याळच्या बाजूच्या पावसाळ्यात जपायची म्हणजे मोठंच काम. ती कोरड्यात, गरम जागी, वेष्टनात ठेवावी लागे. याच अडचणीतून हिंदुस्थानात एक अजब प्रकार जन्माला आला: अख्खं पोलादी धनुष्य. संग्रहालयांतून अशी धनुष्यं आजही दिसतात, काहींवर सोन्याची नक्षीही आहे. पोलादाची भुजा जड, त्यामुळं बाण शिंगाच्या कमानीइतका वेगानं सुटत नाही. पण पावसात ती उलगडत नाही आणि किल्ल्याच्या कोठारात वर्षभर पडून राहिली तरी वेळेला कामाला येते. त्या काळचं नवं धनुष्य हे. आणि नव्याची खोड तेव्हाही तीच होती: एक गुण वाढवायला दुसरा सोडावा लागतो.

त्यानंतरची मोठी उडी थेट विसाव्या शतकात आली. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर अॅलन यानं १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते मंजूर झालं. त्यानं धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाकं बसवली, पण त्यांचा आस मध्यावर न ठेवता कडेला सरकवला. दोरी ओढत जाल तसा आधी जोर वाढतो, शिखराला पोचतो, आणि मग चाक कलंडून पलीकडं गेलं की एकदम उतरतो. साध्या लांब धनुष्यात ओढ शेवटपर्यंत वाढतच जाते. १८ किलोचं धनुष्य पुरतं ओढून नेम धरला की बोटांवर पुरते १८ किलो असतात आणि हात थरथरायच्या आत बाण सोडावा लागतो. या चाकांच्या धनुष्यात, म्हणजे कंपाउंडमध्ये, शिखर २७ किलोंचं असलं तरी शेवटी हातात सात-आठ किलोच उरतात. मग निवांत नेम धरा. दोरीत बसवलेल्या छिद्रातून पाहा, भिंगातून लक्ष्य मोठं करून पाहा, पाणसळीनं धनुष्य सरळ आहे ना तपासा, आणि बोटांऐवजी हातातल्या छोट्या यंत्राची कळ दाबून दोरी सोडा. बाणाचा वेग साध्या धनुष्याच्या जवळजवळ दुप्पट.

हे यंत्र मराठी मुलांच्या हाती गेलं आणि त्यांनी काय केलं ते सगळ्या जगानं पाहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी वैयक्तिक विश्वविजेती झाली. अंतिम फेरीत १५० पैकी १४९ गुण. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत विश्वविजेता झाला, १५० पैकी १५० गुण घेऊन. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेली. ५० मीटरवरून आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात सलग पंधरा बाण, एकही बाहेर नाही. यंत्र आहे म्हणून हे सोपं आहे असं ज्याला वाटतं त्यानं त्या पंधराव्या बाणाच्या वेळी छातीचे ठोके कसे पडत असतील याचा विचार करावा. समोरचा पोलंडचा खेळाडू १४९ वर होता.

नव्या धनुष्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट सांगायला हवी आणि ती मला सगळ्यात मोठी वाटते. जम्मूच्या किश्तवाड जिल्ह्यातली शीतल देवी जन्मतः हातांशिवाय आहे. ती पायानं धनुष्य धरते, खांद्यानं दोरी ओढते आणि जबड्यानं कळ सोडते. २०२४च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेश कुमारबरोबर तिनं मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवलं. ओढ शेवटी उतरते म्हणून आणि कळ आहे म्हणून हे शक्य झालं. एका अमेरिकन माणसानं सरकवलेल्या आसानं डोंगरातल्या एका मुलीसाठी दार उघडलं, याचा आनंद मानायला हवा. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच होणार आहे, तेव्हा साताऱ्याच्या वाटेकडं अनेकांचे डोळे लागलेले असतील.

मग बांबूच्या धनुष्यात माणूस अजून का गुंततो?

पहिलं कारण बाणात आहे. साध्या धनुष्यात मूठ मधे येते, त्यामुळं बाण तिच्या बाजूनं तिरका टेकवलेला असतो. दोरी सुटली की तिनं तो मुठीच्या आत ढकलायला हवा आणि नेम चुकायला हवा. प्रत्यक्षात बाण मागून रेटा बसल्यावर वाकतो, मुठीला वळसा घालून जातो, मग उलट्या बाजूला वाकतो आणि लवतलवत सरळ होत लक्ष्याकडं जातो. संथ केलेल्या चित्रफितीत हे पाहताना मासा पोहतोय असंच वाटतं. बाण फार ताठ असला तर एका बाजूला जातो, फार लवचिक असला तर दुसऱ्या. म्हणून जुना तिरंदाज बोरूचे बाण एक-एक करून वाकवून बघतो आणि आपल्या धनुष्याला मानवणारे तेवढे वेगळे काढतो. कंपाउंडमध्ये मुठीलाच खाच ठेवून बाण मध्यरेषेवर आणलेला असतो आणि कार्बनच्या नळ्या कारखान्यात मोजून येतात. तिथं ही पारख विकत मिळते. बांबूच्या धनुष्यात ती स्वतः कमवावी लागते.

दुसरं कारण नेमाचं. साध्या धनुष्यावर नेमकाटा नसतो. अंतर, वारा, बाणाचं वजन, आज दोरी किती ताणली गेली, हे सगळं डोळा आणि खांदा मिळून ठरवतात, आणि शेकडो बाण मारल्यावर ते शरीरात मुरतं. तबल्यावरचा ठेका जसा बोटात बसतो तसं. चूक झाली तर ती कुठं झाली हे लगेच कळतं, कारण मधे दोष द्यायला दुसरं काहीच नसतं. उजवा हात ढिला पडला, डावा खांदा वर आला, बास. जगभर असे हजारो लोक आहेत ज्यांना गुणांपेक्षा हे शिकणं प्रिय आहे. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या थ्री-डी स्पर्धांतही लाकडी बाण मारणाऱ्या लाँगबोचा स्वतंत्र गट आहे.

तिसरं कारण भूमीचं आहे आणि आपल्याकडं तेच सर्वांत वजनदार. खानदेश-सातपुड्यातल्या भिल्लांचा तीरकामठा संग्रहालयातली वस्तू नाही. बांबूची फोक, तिला बांबूच्याच चिपेची दोरी, बोरूचा बाण. दोरी ओल्यानं सैल पडत नाही आणि तुटली तर रानात पाच पावलांवर दुसरी मिळते. शिकारीला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे, तरी सणाला, लग्नाला, मिरवणुकीला तीरकामठा हातात असतोच. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम अशाच धनुष्यावर वाढला. १९८७ साली सरकारी निवड शिबिरातून तो पुढं आला, ऑलिंपिकला तीनदा गेला आणि १९९२ साली बीजिंगला आशियाई स्पर्धेत ३० मीटरवर ३६० पैकी ३५७ गुण घेऊन त्यानं विश्वविक्रमाची बरोबरी केली. रानातल्या धनुष्यातून घडलेला डोळा काय करू शकतो, याचा याहून ठळक पुरावा नको. एकलव्याची आठवण म्हणून आदिवासी तिरंदाज अंगठा न वापरता दोरी ओढतात असं सांगितलं जातं. ऑलिंपिकमधले तिरंदाजही पहिल्या तीन बोटांनीच ओढतात, अंगठा बाजूलाच असतो. कर्नाटक सरकारचा खेळाडूंसाठीचा मोठा पुरस्कारही एकलव्याच्या नावानं आहे, हे मला फार योग्य वाटतं.

भारतात धनुर्विद्येच्या संघटित स्पर्धांमध्ये रिकर्व्ह (टोकं पुढं वळलेलं धनुष्य) आणि कंपाउंडबरोबर इंडियन राउंड नावाचा प्रकार आहे. धनुष्य लाकूड-बांबूचं, अंतर छोटं. खर्चाच्या दृष्टीनं हा प्रकार वरदान आहे, कारण परदेशी बनावटीच्या कंपाउंडची किंमत लाखांत जाते आणि खेड्यातल्या मुलाला एवढं परवडत नाही. बऱ्याच खेळाडूंची सुरुवात इथून होते. माझी तक्रार एवढीच की सुरुवात झाली की तो संपतो. मूल जरा चमकलं की त्याच्या हातातलं बांबूचं धनुष्य काढून घेतलं जातं, रिकर्व्ह किंवा कंपाउंड दिलं जातं आणि मागं वळून कुणी पाहत नाही. बांबू म्हणजे गरिबाची पायरी, असा समज त्यातून घट्ट होतो. इंडियन राउंडचा चाळिशीतला नामवंत तिरंदाज कोण, हे आपण विचारतही नाही.

जपानमध्ये याच्या नेमकं उलट आहे. तिथं क्युदो, म्हणजे जपानी धनुर्विद्या, शिकणारं शाळकरी मूल ग्लासफायबर किंवा कार्बनच्या धनुष्यावर सुरुवात करतं, कारण ते स्वस्त असतं आणि आदळलं-आपटलं तरी चालतं. बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या जोडून केलेलं, सव्वादोन मीटर लांबीचं, खालच्या तिसऱ्या भागात धरायचं खरं धनुष्य, म्हणजे युमी, हातात येतं ते वर्षानुवर्षांच्या सरावानंतर, जेव्हा शिष्य ते सांभाळण्याच्या योग्यतेचा होतो. त्यावर कारागिराची निशाणी असते आणि जाणकार ती ओळखतात. बांबू तिथं शेवटचा मुक्काम आहे.

भूतानची रीत आपल्याला अधिक जवळची पडेल, कारण तिथंही गावोगाव हा खेळ आहे आणि तिथंही बाहेरचं धनुष्य आलं. १९७१ पासून तिरंदाजी हा भूतानचा राष्ट्रीय खेळ आहे. लक्ष्य तब्बल १४५ मीटरवर, ऑलिंपिकच्या अंतराच्या दुप्पट, आणि तेही अरुंद लाकडी फळीच्या रूपात. अमेरिकन कंपाउंड तिथं पोचलं तेव्हा तरुण त्याच्यावर तुटून पडले, आजही शहरातल्या बऱ्याच मैदानांवर तेच दिसतं. पण भूतानी लोकांनी एक गोष्ट वेळीच केली. बांबूच्या धनुष्याच्या स्पर्धा वेगळ्या ठेवल्या, त्यांना स्वतःची बक्षिसं आणि स्वतःचा मान ठेवला. एकच माणूस एका स्पर्धेत चाकांचं धनुष्य घेऊन उतरतो आणि दुसऱ्या स्पर्धेत गावच्या कारागिरानं केलेलं बांबूचं. जिंकणाऱ्याला दोन्हीकडं सारखाच नाच आणि सारखंच गाणं मिळतं. कारागिराला गिऱ्हाईक राहिलं म्हणून तोही राहिला.

असं आपल्याकडं का होऊ नये? इंडियन राउंडला वरिष्ठ गटात प्रतिष्ठेचा करंडक हवा, रिकर्व्ह-कंपाउंडच्या बरोबरीची बक्षिसं हवीत, आणि धनुष्य ज्यानं केलं त्याचं नाव गुणपत्रकावर खेळाडूच्या नावाखाली छापायला हवं. माल तर दारात आहे. २०१७ साली केंद्रीय वनकायद्यातल्या वृक्षाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला, त्यामुळं शेताच्या बांधावरचा बांबू तोडणं शेतकऱ्याला पूर्वीइतकं किचकट राहिलेलं नाही. हुबळी-धारवाडच्या बाजाराला सुपं, टोपल्या, दुरड्या पुरवणारे मेदार, म्हणजे आपल्याकडचे बुरूड, बांबूची पारख पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. कोवळी काठी वाळली की सुरकुतते आणि जुनाट काठी ठिसूळ होते, म्हणून तीन-चार वर्षांची, मधल्या वयाची निवडायची. पावसाळ्यात तोडायची नाही, कारण तेव्हा काठीत गोडवा असतो आणि भुंगा लागतो. दिवाळीनंतर, रस उतरल्यावर, तीही कृष्णपक्षात तोडायची. मग सावलीत उभी करून सुकवायची. सुपाचा बांबू बारीक चिरायचा आणि धनुष्याचा जाड ठेवायचा, एवढाच फरक. बाकी सगळं ज्ञान तेच. या घरांतल्या एखाद्या मुलीनं आपल्याच आजोबांनी चिरलेल्या फोकेचं धनुष्य घेऊन धारवाडच्या मैदानात उतरावं आणि तिच्या समोरच्या रांगेत साताऱ्याचं एखादं पोर, तेही बांबूचंच धनुष्य हाती घेतलेलं, उभं असावं. अशी स्पर्धा भरवायला पैसा थोडा लागेल. ठरवणारी माणसं हवीत.